शीग लावलेला शेर

मी एक जुना पितळी शेर आहे. शेर म्हटल्यावर डरकाळीची वाट बघू नका, मित्रांनो. मी जंगलातला नव्हे, स्वयंपाकघरातला. धान्य मोजायचं माप. तुमच्या लिटरच्या बाटलीत जेवढं पाणी मावतं, साधारण तेवढं माझ्या पोटात मावतं. पण बाटलीला कुणी हळदकुंकू लावतं का? मला लावतात. दसऱ्याला चिंचेनं घासून, पुसून, पाटावर बसवतात. बूड जाड, पोटावर तीन गोल कडी आणि काठाला एक पोचा. त्या पोच्याकडं बघून हसू नका. त्याची गोष्ट पुढं येणार आहे, आणि ती ऐकल्यावर तुम्हीच म्हणाल की असा पोचा आपल्यालाही हवा होता.

माझा जन्म जालन्याच्या बाजारात एका तांबटाच्या भट्टीवर झाला. तांबटानं मला ओतलं, कानशीनं घासलं आणि मग आपल्या खात्रीच्या मापानं माझ्यात ज्वारी ओतून पाहिली. ज्वारी बरोबर काठाला लागली. तांबट खूश होऊन म्हणाला, "बराबर!" माझ्याबद्दल या जगात बोलला गेलेला तो पहिला शब्द. तुम्ही जन्मलात तेव्हा लोक काय म्हणाले, विचारा घरी. नाक कुणावर गेलंय, एवढंच म्हणाले असतील. मी मात्र जन्मल्या जन्मल्या पास झालो होतो.

बदनापूरजवळच्या एका गावातल्या बाईनं मला विकत घेतलं आणि घरी नेलं. तिची सून म्हणजे चतुराबाई. पुढं सासू गेली आणि मी चतुराबाईच्या हातात आलो. आज चतुराबाई स्वतःच म्हातारी झाली आहे. म्हणजे बघा, मी दोन पिढ्यांचा अन्नदाता. असं म्हटलेलं काही जणांना आवडत नाही, पण खरं आहे ते खरं आहे.

त्या काळी माझा काय थाट होता! खळ्यावर ज्वारीची रास पडली की पहिला मान माझा. मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार... आकड्यांच्या रांगेत असं गोड नाव दुसऱ्या कुणाला आहे का? शेजारणी मला उसना नेत, पण परत करताना कधी रिकामा देत नसत. चार दाणे, चिमूटभर साखर, काहीतरी माझ्या पोटात असायचंच. आणि शीग! शीग म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायलाच हवं. मला काठापर्यंत भरून वरून तळवा फिरवला की झालं सपाट माप. पण काठाच्याही वर, दाणे घरंगळायला लागेपर्यंत ढीग रचला, तर त्या ढिगाला शीग म्हणतात. सपाट माप व्यवहाराचं, शीग लावलेलं माप मनाचं. डोक्यावर शीग चढली की मला राजानं मुकुट घातल्यासारखं वाटायचं.

मग सरकारनं किलो आणि लिटर आणले. बाजारातून शेर, पायली सगळे बाहेर. मला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणू? वाटलं. पण बाजारातून काढलं म्हणून चतुराबाईनं मला घरातून काढलं नाही. "बाजाराचं बाजारात," ती म्हणाली, "माझ्या घरात माझा शेर." तेवढ्यावर माझं पितळ पुन्हा चमकायला लागलं.

आता पोच्याची गोष्ट. आमच्याकडं नवी सून घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप ठेवतात. सुनेनं उजव्या पायानं ते हळूच लवंडायचं आणि आत यायचं. याला माप ओलांडणं म्हणतात. चतुराबाईच्या मुलाचं लग्न झालं, तेव्हा तिनं स्वतः मला भरलं आणि उंबऱ्यावर मांडलं. नवी सून दैवशाला बिचारी घाबरलेली, पदर सावरण्यात गुंतलेली. तिनं असा पाय मारला की मी तांदूळ उधळत थेट देव्हाऱ्याकडं धावलो, वाटेत पाट्यावर आपटलो आणि काठाला हा पोचा आला. बायका पोट धरून हसल्या. शेजारची गोजरबाई ओरडली, "चतुराबाई, सून आणली का फुटबॉलवाली आणली गं?"

दैवशालाचं तोंड एवढंसं झालं. पण चतुराबाई म्हणाली, "हसू नका. लक्ष्मी माझ्या घरात पळत आली, पळत." त्या दिवसापासून दैवशाला मला घासताना त्या पोच्यावरून अंगठा फिरवते. तो पोचा तिचा आणि माझा.

पण माझं खरं नाव झालं ते साखरांब्यामुळं. बांधावरच्या गावरान आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, सोलून किसायच्या आणि साखर घालून शिजवायच्या. चतुराबाईचा साखरांबा एका उन्हाळ्यातून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जशाच्या तसा राहायचा. तार धरलेला, मधाच्या रंगाचा, आंबटाला आंबट आणि गोडाला गोड. माहेरवाशिणी जाताना बरणी मागून न्यायच्या. कुणी प्रमाण विचारलं की चतुराबाई हसायची. "मापाला माप. किसाचं एक, साखरेचं एक. त्यात काय शिकायचं, बाई?" आणि ते माप कोण? मी.

अलीकडं गावातल्या बायकांनी बचत गट काढला. दैवशाला गटाची अध्यक्ष झाली. पलीकडच्या आळीतली बेबीनंदा हिशेबाला पक्की, म्हणून वजनमाप तिच्याकडं. गोजरबाई सभासद होती आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणं हे काम तिनं न सांगता पत्करलं होतं. जालन्यात तातेराव नावाच्या माणसाचं घरगुती पदार्थांचं दुकान आहे. त्यांनी चतुराबाईचा साखरांबा चाखला, बोट चाटलं आणि दैवशालाला म्हणाले, "वहिनी, जेवढा कराल तेवढा मी घेतो. बरणीवर नाव चतुराबाईचंच टाकू. पण सगळ्या बरण्यांची चव एक पाहिजे. एक गोड, एक आंबट, असं चालणार न्हाई."

झालं! गटानं इलेक्ट्रॉनिक काटा आणला. काळा चकचकीत, लाल आकडे दाखवणारा. रोज चार्जिंगला लावावा लागतो. मी जन्मात कधी चार्जिंग मागितलं नाही, पण ते जाऊ द्या. काटा आला आणि मला उचलून खिडकीत ठेवलं. माझ्या पोटात काय भरलं असेल? कपडे वाळत घालायचे चिमटे! लाल, निळे, पिवळे प्लास्टिकचे चिमटे! ज्याला लोक लाभ म्हणत होते, त्याच्या पोटात चिमटे. वर गोजरबाई म्हणते, "द्या की मोडीत. नवं पातेलं येईल."

नेमकी त्याच वेळी चतुराबाई नातीच्या बाळंतपणासाठी शहागडला गेलेली. दैवशालानं तिला फोन केला. "मामी, साखरेचं प्रमाण काय घेऊ?" आमच्याकडं सासूला मामी म्हणायची रीत आहे.

"मापाला माप, पोरी," पलीकडून आवाज आला. "आजवर दुसरं घेतलंय का कधी?"

बेबीनंदानं लगेच उलगडा केला. "मापाला माप म्हणजे दोन्ही सारखं. मंग किलोला किलो. काट्यावर बिलकुल सोपं."

सगळ्यांनी माना हलवल्या. मित्रांनो, तुम्ही असतात तरी माना हलवल्या असत्या. मी खिडकीतून आतल्या आत ओरडत होतो, अगं थांबा! किस हलका असतो, बोटांत धरला तरी फुलून येतो. साखर जड असते, दाणा दाण्याला चिकटून बसते. किलोभर किस घ्यायला मला दोनदा काठोकाठ भरावं लागतं आणि किलोभर साखर माझ्या सव्वा मापातसुद्धा मावून जाते. आमच्या जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत आणि कापसाची शेतंही आहेत. टोपलीभर कापूस आणि टोपलीभर लोखंड उचलून बघा आणि मग मला सांगा, टोपलीला टोपली म्हणजे किलोला किलो का. पण मापाला तोंड असतं ते फक्त भरायचं. बोलायचं नसतं. बायकांनी किलोला किलो साखर घातली, बरण्या भरल्या आणि 'चतुराबाईचा साखरांबा' अशी चिठ्ठी डकवून जालन्याला पाठवल्या.

साखर कमी पडली की फळ टिकत नाही. त्यात आमच्याकडचं ऊन. थोड्याच दिवसांत तातेराव टमटममध्ये खोकी घालून स्वतः दारात आले. बरण्यांची झाकणं फुगली होती, आत फेस आला होता. एक बरणी उघडली आणि घरभर आंबूस वास सुटला.

"वहिनी," तातेराव कपाळाला हात लावून म्हणाले, "वर नाव चतुराबाईचं अन् आत वास ताडीचा! गिऱ्हाईकासमोर झाकण उडालं माझ्या. मी काय तोंड दाखवू?" दैवशाला रडकुंडीला आली होती. तातेराव मनानं चांगले. जाताना म्हणाले, "या मौसमात अजून एकदा बघतो. जमलं तर ठीक. न्हाई जमलं, तर हे नाव मी दुकानात पुन्हा लावणार न्हाई."

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? पारावर, नळावर, चक्कीवर एकच बोलणं. चतुराबाईचा हात गेला. जी बाई त्या वेळी गावातही नव्हती, तिचा हात गेला! चतुराबाई शहागडहून परत आली ती हे ऐकतच आली. तिनं बरणी उघडली, वास घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. "माझ्या जन्मात माझा साखरांबा आंबला न्हाई," एवढंच म्हणाली. चहासुद्धा घेतला नाही तिनं.

आता दुसऱ्यांदा करायचा तर कैऱ्या कुठं होत्या? गावातले आंबे पाडाला लागले होते. फक्त गोजरबाईच्या बांधावर एक झाड होतं, सगळ्या गावामागून पिकणारं. आखाडात पिकतं म्हणून त्याला सगळे आखाड्या म्हणतात. त्याच्या कैऱ्या तेवढ्या अजून हिरव्यागार, कडक. आणि गोजरबाई त्या झाडाकडं कुणाला बघूसुद्धा देत नव्हती. "त्या माझ्या लोणच्याच्या. वर्षभर मी काय तोंडी लावू? तुमचा फेस?" पण दैवशालानं गळ घातली तेव्हा तिनं नाक मुरडत एक टोपली दिली.

चतुराबाई हिरमुसून आतच पडून होती. पण दैवशाला हुशार. तिनं मला खिडकीतून काढलं, चिमटे ओतून टाकले आणि म्हणाली, "मामी मापाला माप म्हणतात ना? मंग मापच काट्यावर ठेवू." मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. त्यांनी मला त्या चकचकीत काट्याच्या डोक्यावर बसवलं! बेबीनंदानं आधी माझं वजन वजा करून टाकलं. मग मला किसानं काठापर्यंत भरलं, वरून तळवा फिरवून सपाट केलं. चारशे ऐंशी ग्रॅम. मग साखर, तीही सपाट. साडेआठशे.

"अगं बया!" बेबीनंदा म्हणाली. "भांडं तेच अन् फरक एवढा! माझंच चुकलं गं. किलोभर किसाला पावणेदोन किलो साखर होती बघ." सगळ्यांचे चेहरे उजळले. माझा नाही उजळला. माझ्या डोक्याला काहीतरी कमी कमी वाटत होतं.

त्या प्रमाणानं टोपलीभर कैऱ्यांचा साखरांबा केला. दोन-तीन दिवसांत बरणीच्या तळाला साखर खड्यांसारखी गोठली. वरचा पाक इतका गोड की जीभ चिकटावी. चतुराबाईनं बोटावर घेऊन चाखला आणि मान हलवली. "हे माझं न्हाई."

"मंग तुझं कोणतं?" गोजरबाई फटकन म्हणाली. "किलोला किलो केलं, ते आंबलं. तुझ्या मापाला माप केलं, ते गोठलं. चतुराबाई, राग नको धरू, पण तुला प्रमाण याद न्हाई राह्यलं. वय झालं आता."

एरवी गोजरबाईला दोन शब्द जास्त सुनावणारी चतुराबाई त्या दिवशी नुसती बरणीचं झाकण लावत राहिली. बायका गेल्यावर तिनं दैवशालाला जवळ बोलावलं. "पोरी, बरणीवरचं माझं नाव काढ. दुसरं कायबी टाक."

"मामी, असं कामून म्हणून राह्यल्या?"

"खरं सांग," चतुराबाई आपल्या दोन्ही हातांकडं बघत म्हणाली, "मी भरमले काय गं? मला तर मापाला मापच याद हाय. पण ते खोटं निघून राह्यलं. उद्या तुम्हांला ओळखलं न्हाई तर काय करू मी?"

मला रडता येत असतं तर मी रडलो असतो. साखरांब्याचं सोडा. बाईला आपलाच भरवसा वाटेना, याच्याहून वाईट काय असतं? आणि खरं काय ते सगळ्या घरात मला एकट्याला ठाऊक होतं. अगं, शीग! माझ्या डोक्यावरची शीग कुठं आहे? इतकी वर्षं तू कैरीला शीग लावत आलीस आणि बेबीनंदानं मला सपाट भरलंय! पण पितळ कसं बोलणार? पडलो असतो तर ठणठण आवाज झाला असता, तेवढाच.

दुसऱ्या दिवशी दैवशाला मला चिंचेनं घासत बसली होती. तिचा अंगठा सवयीनं पोच्यावर आला आणि तिथंच थांबला. ती स्वतःशीच हसली, मग एकदम हसायची थांबली. "मामी," तिनं आत हाक मारली, "मी माप ओलांडलं त्या दिवशी तांदूळ केवढे सांडले होते ना? उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत. वेचता वेचता बायका दमल्या. एका शेराचे एवढे होत्यात का?"

"शिगेचं माप होतं ते," चतुराबाई आतून म्हणाली. "सुनेचं माप कुणी सपाट भरतं व्हय?"

दैवशाला तशीच ओल्या हातानं उठली. तिनं बेबीनंदाला निरोप पाठवला, गोजरबाईकडून आणखी थोड्या कैऱ्या मागून आणल्या. कैऱ्यांमागून गोजरबाईही आली, कारण आपल्या कैऱ्यांचं काय होतंय ते बघायचं होतं. किस तयार झाला. दैवशालानं मला चतुराबाईपुढं ठेवलं. "मामी, तुम्ही भरा."

"माझं मनगट दुखतंय. बेबीनंदा भरंल की."

"न्हाई, तुम्हीच. बोलू नका, सांगू नका, घरच्यासाठी भरता तसं नुसतं भरा."

चतुराबाई मांडी घालून बसली. आधी साखर. तिनं माझ्यात साखर ओतली, "लाभ" म्हणाली आणि तळवा सर्रकन फिरवून वरची साखर परत डब्यात लोटली. काट्यानं साडेआठशे दाखवले. मग किस. दोन्ही हातांनी किस उचलला, माझ्या पोटात सोडला, मुठीनं हलकेच दाबला. आणखी घातला. काठ आला, तरी हात थांबेना. ओंजळीवर ओंजळ घातली, कडेनं बोटं फिरवून ढीग रचला आणि किसाचे तंतू खाली घरंगळायला लागले तेव्हा कुठं म्हणाली, "लाभ."

अहाहा! किती दिवसांनी! माझ्या डोक्यावर मुकुट चढला होता.

"मामी, हात थांबवा," दैवशाला म्हणाली. "हे वर काय हाय?"

"काय? किस हाय."

"एवढा डोंगर?"

"शीग हाय ती. कैरीला शीग लावत्यातच की."

"अन् साखरेला?"

"साखरेला कोण शीग लावतं? येडी का काय तू!"

चतुराबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग साखरेच्या डब्याकडं, मग पुन्हा माझ्याकडं. तिचं तोंड उघडंच राहिलं. "माय गं," ती हळूच म्हणाली. "मी शीग लावते व्हय?"

बेबीनंदा काट्याकडं बघत होती. "सहाशे ऐंशी," तिनं वाचलं आणि फोनवर बोटं चालवली. मग ओरडलीच, "किलोभर किसाला सव्वा किलो साखर! ना किलो, ना पावणेदोन. बराबर सव्वा!"

"अगं, मंग इतकी वर्षं हे सांगितलं कामून न्हाई?" गोजरबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"मला कुठं ठावं होतं?" चतुराबाई हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "माझ्या हाताला ठावं होतं. सासूबाई म्हणायच्या, झाडानं दिलेलं शिगेनं घ्यावं, दुकानातलं सपाट घ्यावं. तवा साखर रेशनची. तिला कोण शीग लावणार? मला वाटलं, सगळ्या तसंच भरत्यात." तिनं पदरानं डोळे पुसले आणि दैवशालाला हात दाखवले, लहान मूल दाखवतं तसे. "म्हंजे माझा हात गेला न्हाई. मी भरमले न्हाई."

"न्हाई, मामी," दैवशाला म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.

मग सगळ्यांनी मला भरून पाहायची हौस केली. इथं मला एक गोष्ट जड मनानं मान्य करावी लागते. शेर मी एकच, पण हात वेगळे. दैवशालाची शीग मोठी, बेबीनंदाची मध्यम, गोजरबाईची तर नावालाच. "अगं, ही शीग हाय का टिकली?" असं म्हणून बेबीनंदानं तिला चिडवलं. मोठ्या घाण्याला चार जणींचे चार हात लागले तर चव एक कशी येणार? तिथं काटाच हवा. काट्याला काही माहिती नसते हे खरं, पण एकदा शिकवलं की तो विसरत नाही. त्याला शिकवलं मी आणि चतुराबाईनं, एवढं फक्त लक्षात ठेवा.

गोजरबाई बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बसल्या कामून? चला जल्दी. आखाड्याच्या सगळ्या कैऱ्या उतरवू."

"अन् तुझं लोणचं?" चतुराबाईनं विचारलं.

"वर्षभर तुझ्याकडं जेवायला येईन. पण हे बिघडलं तर याद राख, पुढं कैरी न्हाई, झाड न्हाई, कायच न्हाई."

झाड रिकामं झालं. अंगणात चुलीवर मोठं पातेलं चढलं. काट्यावर किस, काट्यावर साखर, किलोला सव्वा किलो. चतुराबाई चुलीपाशी बसून पाकाची तार बघत होती, कारण तार कोणत्याच काट्यावर दिसत नाही. बरण्या भरल्या आणि मग सगळ्याच जणी वाट बघायला लागल्या. रोज कुणी ना कुणी येऊन बरणी उजेडात धरायची. फेस आलाय का? खडे धरलेत का? चतुराबाई मात्र बरण्यांकडं जायचीच नाही. तुळशीला पाणी घालताना तेवढी कान देऊन ऐकायची, कुणी काय म्हणतंय का ते.

श्रावण लागला आणि तातेराव आले. चतुराबाई दाराच्या आड उभी. तातेरावांनी बरणीचं झाकण फिरवलं, वास घेतला, चमचा बुडवला. तार लांब सुटली. त्यांनी चाखलं. दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला.

"आवं, बोला की कायतरी!" गोजरबाईला राहवलं नाही. "माझं सगळं झाड गेलंय त्याच्यात!"

"काय बोलू?" तातेराव म्हणाले. "माझी आई गेली तवापासून असा खाल्ला न्हाई. मावशी, कुठं हायेत तुम्ही? बाहेर या. नाव तेच ठेवायचं ना?"

चतुराबाई दाराआडून बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला. "ठेव," ती म्हणाली. "तेच ठेव."

मोठ्या बरणीत राखलेला साखरांबा तिथंच विकायच्या बरण्यांत भरायला घेतला. बरणी अर्ध्या किलोची. बेबीनंदा काट्यावर आकडा बरोबर आला की थांबायची आणि चतुराबाई हळूच वर एक चमचा आणखी टाकायची. तातेरावांनी पाहिलं. "मावशी, जास्त जाऊन राह्यलं."

"जाऊ दे," चतुराबाई म्हणाली. "झाडाचं हाय ते."

मित्रांनो, आता मी खिडकीत नसतो. काट्याशेजारी फळीवर असतो आणि माझ्या पोटात चिमटे नाहीत, तांदूळ आहेत. भिंतीवर दैवशालानं खडूनं लिहिलं आहे: किस एक किलो, साखर सव्वा किलो, चतुराबाईच्या शेराप्रमाणे. शेवटचे दोन शब्द मी रोज वाचतो. वाचता येत नाही म्हणा मला, पण कुठं आहेत ते ठाऊक आहे.

परवा गोजरबाईच्या नातवाचं लग्न झालं. माप ओलांडायला मला नेलं होतं. नवी सून हळू पाऊल टाकणारी निघाली, दुसरा पोचा काही मिळाला नाही. सांजवेळी गोजरबाई मला परत द्यायला आली आणि चतुराबाईनं मला हातात घेतलं. मी ज्वारीनं भरलेला होतो. काठाच्या वर, दाणे घरंगळत होते. गोजरबाईनं लावलेली शीग! चतुराबाईनं माझ्याकडं पाहिलं, गोजरबाईकडं पाहिलं, आणि दोघीही हसल्या.

तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणी असेल. पोचा आलेली वाटी, कान तुटलेला पेला, ज्यानं आजी पीठ घेते, डाळ घेते. मोडीत देण्याआधी एक करा. किती घेतेस, असं आजीला नुसतं विचारू नका. ती सांगेल, मापाला माप, आणि ते तिला खरंच वाटत असेल. ते भांडं तिच्या हातात द्या, तिच्यासमोर बसा आणि तिचे हात काय करतात ते बघा. ती दमली असेल, तिचं मनगट दुखत असेल, तरी ती भरेल. काट्यावर ठेवा, लिहून घ्या, काही हरकत नाही, काटा माझा आता शेजारी आहे. पण आधी बघा. ते हात अजून आहेत, तोवर बघून घ्या.